चटईचे पुरळ : कारणे, काळजी आणि उपचार

होळी विझली की घरोघरचे अंथरूण बदलते. कापसाची गादी गुंडाळून कोनाड्यात जाते आणि माळ्यावर वर्षभर पडून राहिलेली चटई खाली उतरते. गोव्यात आणि कोकणपट्टीत तिला कोणी हातरी म्हणतात, कोणी मांदरी म्हणतात. देशावर शिंदीच्या पानांचा बोऱ्या पसरला जातो. इंदूर-ग्वाल्हेरकडे सायंकाळी पाणी शिंपून निववलेल्या गच्चीवर चटया अंथरून सगळ्या कुटुंबाने उघड्यावर निजण्याची रीत जुनी आहे. बडोदे काय, हैदराबाद काय, की बेळगाव काय, उन्हाळ्यातील चटईचे सुख सर्वत्र सारखेच. हे सुख केवळ आपलेच नव्हे. बंगालमध्ये आणि सिल्हेटकडे मुर्ता नावाच्या वनस्पतीच्या सालीची शीतलपाटी विणतात. सिल्हेटच्या या कलेची नोंद २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली. चीनमध्ये उन्हाळा लागताच बिछान्यावर बांबूची किंवा गवताची चटई घालतात. जपानात तर घराची जमीनच गवती चटयांनी मढविलेली असते.

परंतु या सुखाला एक गालबोट आहे. पहिल्या दोन-तीन रात्री गाढ झोपेत जातात आणि चौथ्या दिवशी सकाळी मूल पाठ खाजवीत उठते. सदरा वर करून पाहावे तो पाठीवर, कमरेला आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला तांबडे बारीक पुरळ उठलेले असते. आजी म्हणते, उष्णता बाहेर पडली. आई म्हणते, डास चावले. शेजारीण म्हणते, काल आंबे फार खाल्ले असतील. मग कोणी चंदन उगाळते, कोणी पावडर चोळते आणि कोणी औषधांच्या दुकानातून एक लहानशी नळी आणते. चटईकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. ती त्या रात्री पुन्हा तशीच अंथरली जाते आणि पुरळ वाढत राहते.

चटईमुळे उठणारे पुरळ हा एकच रोग नव्हे. दिसायला सारखे असणारे चार-पाच निरनिराळे विकार या एकाच नावाखाली मोडतात. त्यांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. म्हणून औषधाला हात घालण्यापूर्वी कारण ओळखणे, ही यातील पहिली आणि सर्वांत महत्त्वाची पायरी आहे.

चटई थंड का लागते, हे आधी समजून घेतले पाहिजे. कापसाची गादी शरीराभोवती ऊबदार हवा धरून ठेवते. चटई पातळ असते, तिच्यात हवा कोंडून राहत नाही. विणीच्या फटींतून घामाची वाफ निघून जाते आणि गुळगुळीत बांबू किंवा गवत अंगाची उष्णता ओढून घेते. परंतु जे गुण, त्यांतच दोष दडलेले असतात. चटई कठीण असते, म्हणून कातडीला घासते. तिच्या विणीत फटी असतात, म्हणून त्या फटींत धूळ, अंगावरून गळणारे त्वचेचे सूक्ष्म कण आणि वाळलेला घाम साचत जातो. ती वनस्पतीची असते, म्हणून दमट हवेत तिला बुरशी लागते आणि त्या बुरशीवर व कणांवर जगणारे जीव तिच्यात वस्ती करतात.

या जीवांपैकी प्रमुख म्हणजे माइट. हे कोळ्यांच्या आणि गोचिडांच्या गोतातील अतिसूक्ष्म प्राणी. त्यांची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही बहुधा कमीच, त्यामुळे साध्या डोळ्यांना ते जवळजवळ दिसतच नाहीत. त्यांचा आणि माणसाच्या अंथरुणाचा संबंध कसा उघडकीस आला, ती हकीकत मोठी बोधप्रद आहे.

१९०९ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात आणि आसपास अंगावर पुरळ उठून असह्य खाज सुटण्याची साथ पसरली. रोगी खलाशांत होते, तसेच घरांतूनही होते. शोध घेण्यासाठी तेथील सरकारी आरोग्य खात्याने जोसेफ गोल्डबर्गर या तरुण डॉक्टरांना पाठविले. त्वचारोगतज्ज्ञ शॅम्बर्ग यांच्या जोडीने त्यांनी चौकशी सुरू केली. ज्यांच्या वाट्यास नव्या, गव्हाच्या काडाने भरलेल्या गाद्या आल्या होत्या, त्यांनाच हे पुरळ उठत होते, असे त्यांना आढळले. तर्क झाला, पण पुरावा हवा होता. गोल्डबर्गर यांनी स्वतःचा उघडा हात आणि खांदा तासभर दोन गाद्यांच्या मध्ये ठेवला. सुमारे १६ तासांनी त्यांच्या हातावर, खांद्यावर आणि छातीवर तसेच पुरळ उमटले. पुढे गाद्यांतील काड चाळून त्याचा चाळ दोन बशांत घेण्यात आला. एका बशीतील चाळ तसाच ठेवला, दुसरीतील चाळाला क्लोरोफॉर्मची वाफ दिली. दोन्ही बशा कातडीला लावून पाहिल्या. पहिलीने पुरळ उठले, दुसरीने उठले नाही. याचा अर्थ स्पष्ट होता. त्या चाळात काहीतरी जिवंत होते आणि क्लोरोफॉर्मने ते मेले होते. भिंगाखाली पाहता तो काडातील एक माइट निघाला. धान्याला आणि काडाला लागणाऱ्या किडींच्या अळ्यांवर तो जगतो. अळ्या संपल्या किंवा काड हलविले गेले, की जवळ येणाऱ्या माणसाला चावतो.

या हकीकतीतील सर्वांत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे ते १६ तास. माइट चावताना वेदना होत नाही. खाज सुटेपर्यंत तो अंगावरून गळूनही गेलेला असतो. रात्री झालेल्या चाव्याची खूण दुसऱ्या दिवशी दिसते, त्यामुळे दोष दुपारच्या जेवणाला लागतो, आंब्याला लागतो, उन्हाला लागतो. चटईला लागत नाही. गुन्हेगार पळून गेल्यावर जाग यावी, तसाच हा प्रकार आहे.

आता पुरळाचे प्रकार एकेक करून पाहू.

पहिला आणि सर्वांत सामान्य प्रकार घामोळ्यांचा. घामाच्या सूक्ष्म नळ्यांची तोंडे बुजली, की घाम बाहेर येण्याऐवजी कातडीच्या थरांतच झिरपतो आणि तेथे दाह निर्माण करतो. पाठ ज्या ठिकाणी चटईला रात्रभर चिकटून राहते, तेथे घाम वाळत नाही आणि नळ्या लवकर बुजतात. याचे फोड बारीक, दाट आणि तांबूस असतात. त्यांना टोचल्यासारखी चुणचुण होते. मान, पाठ, काखा आणि कमरपट्टा ही त्यांची ठिकाणे. तान्ह्या मुलांच्या घामाच्या नळ्या पुरत्या तयार झालेल्या नसतात, म्हणून त्यांना घामोळे अधिक. प्लास्टिकच्या चटईवर हा त्रास विशेष होतो, कारण ती घाम मुळीच शोषीत नाही. गारव्यात नेल्यावर थोड्याच दिवसांत जे पुरळ मावळते, ते बहुधा घामोळेच समजावे.

दुसरा प्रकार माइटचा. याचे फोड एकमेकांपासून सुटे असतात, घामोळ्याहून मोठे असतात आणि त्यांच्या टोकावर कधीकधी एक बारीक पाण्याचा थेंब दिसतो. अंगाचा जो भाग चटईला टेकतो, त्यावर ते अधिक असतात आणि खाज तीव्र असते. त्याच चटईवर निजणाऱ्या दोघा-तिघांना एकदम असे पुरळ उठले आणि पलंगावर निजणारा मात्र सुटला, तर चटईवरचा संशय बळावतो. येथे एक भेद सांगितला पाहिजे. धुळीत राहणारे नेहमीचे माइट माणसाला चावत नाहीत. परंतु त्यांच्या विष्ठेतील आणि शरीराच्या कणांतील प्रथिने काही माणसांना सोसत नाहीत. अशांना सकाळी उठल्याबरोबर शिंका येतात, दमा बळावतो किंवा जुना इसब उसळतो. पुरळाबरोबर शिंका आणि धाप असतील, तर विचार या दिशेने करावा.

तिसरा प्रकार संपर्काने होणाऱ्या दाहाचा. हा कोणत्याही जिवामुळे नव्हे, तर चटईच्या पदार्थामुळेच होतो. गवताची बारीक कुसे, बांबूच्या कडांचे तंतू, चटईला दिलेला रंग, चकाकीसाठी लावलेले रोगण किंवा काठाला शिवलेल्या पट्टीचा रंग कातडीला सोसत नाही. हे पुरळ चटई जेथे टेकते त्या भागाचीच आकृती घेते आणि रंगीत पट्ट्यांच्या चटईवर तर कधीकधी पट्ट्यांसारखेच उमटते. नवी चटई आणल्यापासून त्रास सुरू झाला, की हा संशय प्रथम घ्यावा. उन्हात वर्षानुवर्षे पडलेली प्लास्टिकची चटईही ठिसूळ होते, तिचे तंतू तुटून टोचू लागतात. ती टाकून देणेच बरे.

चौथा प्रकार ढेकणांचा. चटईच्या दुमडलेल्या काठांत आणि शिवणीत ढेकूण सुखाने लपतात. त्यांचे चावे मोठ्या गांध्यांसारखे असून पुष्कळदा तीन-चार एका ओळीत असतात. हात, मान, चेहरा असा उघडा राहणारा भाग ते पसंत करतात. काठावर काळपट ठिपके आणि चादरीवर रक्ताचे बारीक डाग दिसले, म्हणजे शंका उरत नाही.

याखेरीज दोन विकार असे आहेत, की ज्यांचा दोष चटईचा नसतानाही तो तिच्यावर येतो. एक गजकर्ण. काठ उचललेला, मधून साफ होत जाणारा, हळूहळू पसरणारा गोल चट्टा जांघेत, कमरेला किंवा काखेत दिसला, तर ती बुरशी आहे. दुसरी खरूज. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ, रात्री अंथरुणात शिरताच वाढणारी खाज आणि घरातील एकामागून एक माणूस खाजवू लागणे, ही तिची लक्षणे. खरजेचा माइट माणसाच्या कातडीतच घर करतो आणि अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा फारसा जगत नाही. म्हणून नुसती चटई उन्हात टाकून खरूज जात नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध घरातील सर्वांनी एकाच वेळी, खाज नसलेल्यांनीसुद्धा, लावावे लागते आणि ते बहुधा आठवड्याने पुन्हा लावावे लागते.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून ठेवणे आवश्यक आहे. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा आहे, तो खाजत नाही आणि त्या जागी स्पर्श नीट कळत नाही, असे असेल तर त्यास चटईचे पुरळ म्हणून दुर्लक्षू नये. तो कुष्ठरोगाचा आरंभ असू शकतो. त्याची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात आणि वेळीच उपचार झाल्यास तो पूर्ण बरा होतो.

कारणे कळल्यावर प्रतिबंध सोपा होतो. माइटच्या जीवनाचे एक मर्म आहे. तो पाणी पीत नाही. हवेतील ओलाव्यातूनच आपली तहान भागवितो. हवा कोरडी झाली, की तो सुकून मरतो. यामुळेच समुद्रकाठच्या दमट हवेत त्याचे फावते आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यातील कोरड्या हवेत त्याचा निभाव लागत नाही. परंतु उत्तरेकडील मंडळींनी निर्धास्त राहू नये. आता घरोघरी पाण्याचे कूलर आले आहेत. खिडक्या बंद करून रात्रभर कूलर चालविला, तर खोलीची हवा गोव्याइतकीच दमट होते आणि चटई ओलसर राहते. कूलर चालू असताना एक खिडकी किलकिली ठेवावी, म्हणजे गारवाही मिळतो आणि दमटपणाही साचत नाही.

माळ्यावरची चटई खाली आणली, की त्याच रात्री तिच्यावर निजू नये. प्रथम ती अंगणात किंवा गच्चीवर नेऊन काठीने उलटसुलट बडवावी. हे काम नाकातोंडाला फडके बांधून करावे आणि दमेकऱ्याने करू नये. बांबूची चटई कढत पाण्यात पिळलेल्या फडक्याने विणीच्या दिशेने पुसावी. काठांवर कढत पाणी ओतल्यास ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. गवताची चटई भिजवू नये, ती आतून ओली राहते आणि कुजते. तिला घट्ट पिळलेल्या फडक्याचाच हात फिरवावा. प्लास्टिकची चटई साबणाने खुशाल धुवावी. त्यानंतर सर्व प्रकारच्या चटया भर दुपारच्या कडक उन्हात, मधूनमधून उलटून, निदान दोन-तीन दिवस वाळवाव्यात. लहान चटई असेल, तर वाळल्यावर ती काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात काही तास ठेवल्यास आत खूप उष्णता साठते. ढेकूण आणि माइट ५० अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता फार वेळ सोशीत नाहीत.

नवी चटई विकत घेताना पांढरे फडके ओले करून तिच्या रंगीत भागावर घासावे. फडक्याला रंग लागला, तर तोच रंग रात्री घामातून कातडीला लागणार, हे उघड आहे. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी बिनरंगी, बिनरोगणाची चटई घ्यावी. बांबूच्या चटईवर तळहात दोन्ही दिशांनी फिरवून कुसे लागत नाहीत ना, हे पाहावे.

चटई वापरात असताना तिच्यावर सुती, पातळ चादर घालावी. चटईचा गारवा त्यामुळे थोडा कमी होतो. परंतु चादर घाम शोषते, कुसे अडविते, कातडी आणि विण यांच्यामध्ये पडदा होते आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती धुता येते. आठवड्यातून एकदा ती ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या, म्हणजे हाताला न सोसणाऱ्या, कढत पाण्यात धुवावी. रोज सकाळी चटई झटकून उभी करून ठेवावी; निजलेल्या जागी गुंडाळून कोपऱ्यात सारू नये, कारण रात्रीचा घाम तिच्यात तसाच कोंडतो. निजण्यापूर्वी अंग धुवावे आणि ते पूर्ण कोरडे झाल्यावरच आडवे व्हावे. चटईवर बसून खाण्याची सवय मोडावी; सांडलेला कणअन्कण कोणा ना कोणा जिवाचे अन्न होतो. आणि मृगाच्या सरी येण्यापूर्वी, ऊन आहे तोवरच, चटई पुसून, कडकडीत वाळवून, सुती कापडात गुंडाळून उंच आणि कोरड्या जागी ठेवावी. पुढच्या चैत्रातले आरोग्य हे या ज्येष्ठातल्या दोन दिवसांच्या उन्हावर पुष्कळ अंशी अवलंबून असते.

आता उपचार. पहिला उपचार म्हणजे ती चटई त्या क्षणी वापरातून काढणे. तीन-चार रात्री दुसऱ्या अंथरुणावर निजून पाहावे. पुरळ ओसरू लागले, तर कारण सापडले आणि अर्धा रोग गेला. स्नान गार किंवा कोमट पाण्याने करावे. कढत पाण्याने खाज क्षणभर थांबते, पण दाह वाढतो. साबण सौम्य असावा आणि पुरळावर तो घासू नये. फार खाज सुटली, तर गार पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके दहा मिनिटे ठेवावे. बर्फ थेट कातडीवर लावू नये. नंतर कॅलमाइनचे गुलाबी औषध बाटली नीट हलवून कापसाने हलकेच लावावे. कपडे सैल आणि सुती असावेत. मुलांची नखे कापून टाकावीत, कारण पुरळाचे जे काही खरे नुकसान होते, ते बहुतेक नखांनीच होते. घामोळ्यावर तेल किंवा घट्ट, चिकट मलम चोळू नये. बुजलेल्या नळ्या त्याने आणखी बुजतात. पावडर लावायचीच असेल तर कोरड्या अंगावर, अगदी पातळ लावावी. ओल्या अंगावर तिचा लगदा होऊन उलट अपाय होतो. तान्ह्या मुलाजवळ तर ती उधळूच नये, ती श्वासावाटे छातीत जाते. खाजेमुळे झोपच येत नसेल, तर पित्ताच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. काही गोळ्यांनी गुंगी येते आणि मुलांसाठी त्यांचे प्रमाण निराळे असते.

काय करू नये, हे काय करावे याहून येथे अधिक महत्त्वाचे आहे. चटईवर रॉकेल किंवा कीटकनाशक फवारून तिच्यावर निजू नये. ते विष रात्रभर घामाबरोबर कातडीत जिरते. लहान मुलांच्या अंगाला कापूर चोळू नये. कापूर पोटात गेल्यास मुलाला झटके येऊ शकतात, आणि कापूर लावलेला हात तोंडात घालण्यास तान्ह्या मुलाला किती वेळ लागतो?

आणि आरंभी ज्या लहानशा नळीचा उल्लेख आला, तिच्याविषयी. औषधांच्या दुकानात खाजेवर म्हणून जी मलमे मागताच हाती पडतात, त्यांपैकी पुष्कळांत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने खाज एका रात्रीत थांबते, म्हणून त्याची कीर्ती घरोघर पसरते. परंतु पुरळ जर बुरशीचे असेल, तर स्टेरॉइड लालसरपणा तेवढा झाकते आणि बुरशीला मोकळे रान देते. चट्टा वरून शांत दिसतो, आतून पसरत जातो आणि मलम थांबवताच दुप्पट जोराने उसळतो. महिनोन्महिने लावल्यास कातडी पातळ होते, जांघेत आणि काखेत कायमचे ओरखडे उमटतात. गजकर्ण हट्टी होण्याची जी तक्रार आज भारतभर त्वचारोगतज्ज्ञ करीत आहेत, तिच्या मुळाशी या नळ्यांचा मोठा हात आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे असलेली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तथापि नियम कागदावर असतो आणि नळी दुकानाच्या फळीवर. ती न मागणे हे ग्राहकाच्याच हाती आहे. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. योग्य निदानानंतर, योग्य तीव्रतेचे, मोजके दिवस लावल्यास ते उत्तम काम करते. निदान मात्र दुकानदाराचे किंवा शेजाऱ्याचे नसावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? पाच-सहा दिवस चटई बदलूनही पुरळ ओसरत नसेल तर. फोडांत पू झाला, मधासारखी पिवळी खपली धरली, भोवतालची कातडी तांबडी व गरम झाली किंवा ताप आला तर. ओठ आणि डोळे सुजले किंवा श्वास लागला तर क्षणाचाही विलंब न लावता. तीन महिन्यांच्या आतील मूल, मधुमेही आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांच्या बाबतीत वाट पाहूच नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवरील लाली ही पुष्कळदा पुरळ नसून शय्याव्रणाची पहिली पायरी असते आणि अशा माणसासाठी कठीण चटई मुळीच योग्य नव्हे.

पू झालेल्या फोडांकडे दुर्लक्ष का करू नये, याला एक गंभीर कारण आहे. नखांनी फोडलेल्या पुरळात काही जातींचे जंतू शिरले, तर कातडी बरी झाल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी मुलाच्या मूत्रपिंडांना सूज येऊ शकते. सकाळी चेहरा सुजलेला दिसतो, लघवी कमी होते आणि तिचा रंग कोऱ्या चहासारखा होतो. तोवर पाठीवरचे पुरळ घरातील सारेजण विसरून गेलेले असतात. ज्या घरात मुलाला असे फोड येऊन गेले असतील, त्यांनी पुढील दीड महिना हे चिन्ह मनात ठेवावे आणि ते दिसताच मुलाला रुग्णालयात न्यावे. बहुतेक मुले उपचारांनी पूर्ण बरी होतात; उशीर मात्र होता कामा नये.

या साऱ्यावरून चटई टाकून द्यावी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. वीज गेली तरी गारवा देणारे, पैशाला परवडणारे, गुंडाळून काखेत मारता येणारे दुसरे अंथरूण नाही. गोल्डबर्गर यांनी तासभर आपला हात धोक्यात घालून जे सिद्ध केले, त्याचा बोध साधा आहे. अंगावर खूण दिसली, की ज्यावर रात्र काढली ते अंथरूण आधी पाहावे. पूर्वीच्या गृहिणी चैत्रात चटया उन्हात घालीत आणि आषाढापूर्वी त्या वाळवून माळ्यावर टाकीत. माइटचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. पण त्याला काय सोसत नाही, ते त्यांना चांगले ठाऊक होते. आपल्याला आता नावही कळले आहे. तेव्हा मुलाची पाठ पुसण्यापूर्वी चटई पुसावी आणि नळीच्या शोधात दुकानाकडे धावण्यापूर्वी चटई घेऊन गच्ची गाठावी. ऊन तेथे विनामूल्य मिळते.